उताराचं गणित आणि पैठण

आपल्या करमाडला दणकून पाऊस झाला की ओढे-नाले भरून वाहतात. ते पाणी पुढे जातं कुठे, हे तुम्ही कधी शोधलंय का? 'गोदावरीला' असं उत्तर चटकन येतं आणि ते बरोबरही आहे. पण कोणत्या रस्त्याने? खरी गंमत इथे आहे. आपल्या पट्ट्यातलं पुष्कळसं पाणी पूर्वेकडे निघतं. लहुकी, दुधना अशा नद्यांमधून ते जालना जिल्ह्यात शिरतं. दुधना पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला. आता करमाडहून थोडं पश्चिमेला, छत्रपती संभाजीनगरकडे सरका. तिथल्या खाम आणि सुखना या नद्या पूर्वेकडे जातच नाहीत. त्या दक्षिणेला वळतात आणि पैठणच्या धरणाची वाट धरतात.

म्हणजे दोन गावांमध्ये फार तर वीस किलोमीटरचं अंतर, पण एका गावचा पाऊस पैठणला पोचतो आणि दुसऱ्याचा पैठणला बाजूला ठेवून थेट परभणीकडे जातो! मध्ये मोठा डोंगर असेल असं वाटतं ना? तसं काही नाही. जमीन एखाद्या ओळीत किंचित उंच असली तरी पुरतं. त्या उंच ओळीला जलविभाजक म्हणतात. तिच्या अलीकडे पडलेला थेंब एका नदीचा आणि पलीकडे पडलेला दुसऱ्या नदीचा. बसच्या खिडकीतून ही ओळ डोळ्यांना दिसणारही नाही, पण पाण्याला ती बरोबर कळते.

करमाडच्या पाण्याला पैठण बघायला मिळत नाही. आपण मात्र जाऊ या. फार लांब नाही, आपल्या दक्षिणेला, थोडं पश्चिमेकडे. नकाशा काढा आणि गोदावरीवर बोट ठेवा. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरीवर ती उगम पावते. एकूण १४६५ किलोमीटर वाहत आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. पैठण तिच्या डाव्या, म्हणजे उत्तरेच्या काठावर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर. इथून समुद्र अजून सुमारे बाराशे किलोमीटर लांब आहे.

वही-पेन्सिल घ्या आणि भागाकार करा. साडेचारशे मीटरची उतरण, बाराशे किलोमीटरचा प्रवास. किलोमीटरमागे किती उतार आला? चाळीस सेंटीमीटरसुद्धा नाही! एक किलोमीटर चालायचं आणि तेवढ्यात तुमच्या फूटपट्टीपेक्षा थोडंसंच जास्त खाली उतरायचं. इतक्या सपाटीवरून ही नदी जाते. हे गणित खोडू नका. पैठणच्या निम्म्याअधिक नवलाईचं उत्तर त्यात आहे.

पहिली नवलाई म्हणजे नाथसागर. पैठणजवळ गोदावरी अडवून जायकवाडी धरण बांधलं, त्याच्या मागे साठलेल्या पाण्याचं हे नाव. संत एकनाथांच्या गावचा सागर म्हणून नाथसागर. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. पण पैठणच्या धरणाचं नाव जायकवाडी कसं? आधी हे धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचं ठरत होतं. पुढे जागा बदलली, वरच्या अंगाला पैठणला आली. नाव मात्र बदललं नाही, तेच आजही चालू आहे.

या धरणाची लांबी ऐकून ठेवा: सुमारे दहा किलोमीटर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं तर दोन-अडीच तास सहज लागतील. आणि उंची? सुमारे ४१ मीटर. आता सातारा जिल्ह्यातलं कोयना धरण बघा. त्याची उंची १०३ मीटर, पण लांबी एक किलोमीटरसुद्धा नाही, सुमारे ८०० मीटर. दोन्ही धरणांत पाणी मात्र जवळपास सारखंच मावतं, शंभर टीएमसीच्या थोडं वर. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एका टीएमसीत सुमारे २८३१ कोटी लिटर पाणी असतं.

पाणी सारखं असून धरणं इतकी वेगळी का? कोयनेच्या दोन्ही बाजूंना सह्याद्रीचे उंच डोंगर आहेत. दोन डोंगरांमधली फट बुजवली की झालं, पाणी आपोआप खोल साठतं. पैठणला तशी फटच नाही. मघाशी काढलेला उतार आठवा. सपाट जमिनीवर पाणी अडवायचं तर लांबच लांब बांध घालावा लागतो. मग पाणी वर चढण्याऐवजी पसरत जातं. नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आहे, काही ठिकाणी २७ किलोमीटर रुंद आहे आणि भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर जागा व्यापतो. काठावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. कोयनेचा शिवसागर जवळपास तेवढंच पाणी साधारण एक तृतीयांश जागेत ठेवतो. कोयना म्हणजे भरलेला तांब्या आणि नाथसागर म्हणजे तेच पाणी ताटात ओतलेलं.

हे नुसतं वाचू नका, घरी करून बघा. एका तांब्यात आणि एका परातीत मोजून सारखं पाणी घ्या. दोन्ही भांडी दिवसभर उन्हात ठेवा, संध्याकाळी पाणी पुन्हा मोजा. परातीतलं पाणी जास्त कमी झालेलं दिसेल. पाण्याची वाफ होते ती वरच्या पृष्ठभागावरून. पृष्ठभाग जेवढा मोठा, तेवढं पाणी उडून जाण्याचं काम वेगात. नाथसागराचं हेच दुखणं आहे. त्याची पातळी नुसत्या उन्हाने एक सेंटीमीटर खाली गेली तर किती पाणी गेलं? ३५० चौरस किलोमीटरला एका सेंटीमीटरने गुणा. उत्तर येतं ३५० कोटी लिटर! नखाच्या रुंदीएवढा थर, पण एवढं पाणी. मराठवाड्यातला एप्रिल-मे तुम्हाला माहीतच आहे. तो कोरडा, तापलेला वारा या पाण्यावरून दिवसभर वाहत असतो.

बातम्यांमध्ये 'मृतसाठा' हा शब्द ऐकला असेल. ऐकायला भीतिदायक वाटतो, पण ते पाणी खराब वगैरे नसतं. धरणातून कालव्यात पाणी सोडण्याचं दार तळापासून काही उंचीवर असतं. त्या दाराच्या खाली जे पाणी उरतं ते आपोआप बाहेर येऊ शकत नाही, उपसावं लागतं. तो मृतसाठा. जायकवाडीच्या २९०९ दशलक्ष घनमीटर पाण्यापैकी ७३८ दशलक्ष घनमीटर पाणी असं आहे. २०१२-१३च्या दुष्काळात धरण या मृतसाठ्यावर आलं होतं. त्या वर्षी आपल्या भागातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा वाळल्या. वर्षानुवर्षं जपलेली झाडं तोडावी लागली. तुमच्या घरी आजी-आजोबांना विचारा, त्यांना ते वर्ष नक्की आठवत असेल.

सपाटीचा फायदा मात्र पाखरांनी ओळखला आहे. उथळ पाणी म्हणजे त्यांच्यासाठी वाढलेलं पान! काठाकाठाने चिखल, चिखलात किडे, शंख-शिंपले, पाणवनस्पती. खोल, उभ्या काठांच्या जलाशयात पाय बुडवून चरणाऱ्या पक्ष्यांना उभं राहायलाच जागा नसते. इथे मैलोन् मैल आहे. म्हणून १९८६ मध्ये नाथसागराला पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केलं. दोनशेहून जास्त जातींचे पक्षी इथे नोंदले गेले आहेत. त्यांतले कितीतरी थंडीचे पाहुणे आहेत. चक्रवाक येतात, कांड्या करकोचे येतात, रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगोही येतात. रोहित चरताना नीट बघा. तो मान खाली घालून चोच चक्क उलटी करतो, चिखलाचं पाणी चोचीत घेतो, जिभेने ते बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक जाळीत अडकलेले जीव तेवढे गिळतो. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो.

पण माझा सगळ्यात लाडका पाहुणा म्हणजे पट्टकदंब हंस. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, त्यावरून लगेच ओळखू येतो. तो उन्हाळ्यात तिबेट, मंगोलियाकडे अंडी घालतो आणि थंडीत भारतात उतरतो. मध्ये काय आहे? हिमालय! या हंसांच्या अंगावर छोटी यंत्रं बसवून शास्त्रज्ञांनी त्यांचा माग काढला आहे. काही हंस सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडताना सापडले. तिथल्या विरळ हवेत माणसाला चार पावलं टाकली तरी धाप लागते आणि हा पक्षी पंख मारत राहतो. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला पकडतं, फुप्फुसंही मोठी असतात. एवढा डोंगर ओलांडून आलेला हंस आपल्या शेजारच्या तालुक्यात, चिखलात पाय रोवून निवांत गवत खात बसतो. डिसेंबर-जानेवारीत भल्या सकाळी गेलात तर दिसेल. फक्त जवळ धावू नका. दुर्बीण नसली तरी गप्प बसून बघता येतं.

जानेवारीनंतर पाणी मागे सरकू लागतं आणि ओली, काळी, गाळाची जमीन उघडी पडते. काठावरचे शेतकरी त्या गाळात पेरणी करतात. तिला गाळपेर म्हणतात. जमिनीत ओल इतकी असते की पिकं त्यावर येऊ शकतात. पावसाळ्यात जिथे मासे पोहत होते तिथे उन्हाळ्याच्या तोंडी पीक उभं! हीच जमीन एका वर्षात तळ्याचीही आणि शेताचीही.

सपाटीची आणखी एक बाजू आहे, ती सोपी नाही. धरणाला २७ दरवाजे आहेत. वरच्या अंगाला, नाशिककडे आणि अहिल्यानगरकडे खूप पाऊस झाला की पाणी सोडावंच लागतं. २००६च्या ऑगस्टमध्ये अडीच लाख क्युसेक पाणी सोडलं होतं. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे दर सेकंदाला सत्तर लाख लिटर! नदीकाठ खोल दरीचा असता तर पाणी दरीतच राहिलं असतं. इथे ते बाजूला पसरलं आणि पैठण शहरात शिरलं. धरण बांधताना वरच्या बाजूची कितीतरी गावं पाण्याखाली गेली होती, तिथल्या लोकांनी नवी घरं उभारून पुन्हा सुरुवात केली होती. नाथसागराचं पाणी पिताना हे माहीत असायला हवं.

आणि ते पाणी आपला जिल्हा रोज पितो. छत्रपती संभाजीनगर शहर नाथसागरापेक्षा शंभर मीटरहून अधिक उंचीवर आहे. पाणी आपणहून चढत नाही. मोठमोठे पंप ते जाड नळांतून वर ढकलतात. म्हणून पैठणला वीज गेली की शहरातले नळ कोरडे पडतात. कालव्याचं मात्र उलट. त्याला पंप लागत नाही, तो उतारावरच चालतो. धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे, जालना जिल्ह्यातून थेट परभणीकडे जातो. उजवा १३२ किलोमीटरचा, बीडकडे. आता तुम्हीच सांगा, एवढा जवळ असून कालवा करमाडला का येत नाही? बरोबर! आपण धरणापेक्षा उंचावर राहतो. परभणी लांब आहे, पण खाली आहे. पाण्याच्या हिशेबात जवळ-लांब यापेक्षा वर-खाली याला जास्त किंमत.

धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचं छोटं वीजघर आहे. त्याचं वैशिष्ट्य असं की तिथलं यंत्र दोन्हीकडे फिरतं. पाणी खाली सोडून वीज तयार करतं आणि विजेची मागणी कमी असेल तेव्हा उलटं फिरून खालचं पाणी पुन्हा वर चढवू शकतं. म्हणजे पाणी हीच साठवलेली वीज.

पैठण तालुका नुसता शहराएवढा नाही. पाचोड, बिडकीन, आडूळ, ढोरकीन, विहामांडवा ही त्यातली मोठी गावं. पाचोडला मोसंबीचा मोठा बाजार भरतो. ट्रक भरभरून फळं दूरच्या शहरांत जातात. बिडकीनला नवी औद्योगिक वसाहत उभी राहते आहे, आपल्या शेजारच्या शेंद्र्याची ती जोडीदारीण. गोदाकाठी आपेगाव आहे, ज्ञानेश्वरांचं जन्मगाव म्हणून वारकरी त्याला मानतात. पैठणमध्येच नागघाटावर ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, अशी कथा सांगतात.

रेल्वे मात्र पैठणला आजही नाही आणि करमाडला आहे. आपल्या स्टेशनावरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग १९००च्या आसपास सुरू झाला, निजामाच्या राज्यात. त्या कंपनीचं नाव होतं हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. नाव गोदावरीच्या खोऱ्याचं, पण गाडी गोदाकाठच्या या जुन्या शहराला वळसा घालून करमाडवरून गेली. दोन हजार वर्षांपूर्वी असं कुणी केलं नसतं. तेव्हा सगळे रस्ते पैठणला येऊन मिळत.

तेव्हा शहराचं नाव होतं प्रतिष्ठान आणि ही सातवाहन राजांची राजधानी होती. 'सुत्तनिपात' या जुन्या पाली ग्रंथात गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरी नावाच्या गुरूची गोष्ट आहे. त्याचे सोळा शिष्य बुद्धांना भेटायला उत्तरेकडे निघतात. वाटेतल्या गावांची नावं ग्रंथात क्रमाने दिली आहेत आणि त्यांत सुरुवातीलाच प्रतिष्ठान येतं. पुढे महिष्मती, उज्जैन करत ते श्रावस्तीला पोचतात. मोठ्या रस्त्यावरचं हे ठाणं होतं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला भूगोलकार टॉलेमी होता इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा, पण त्याच्याही पुस्तकात पैठणचं नाव राजाची नगरी म्हणून आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे छोट्या कविता. त्यांत गोदावरीचा काठ, शेतं, गावातली माणसं भेटतात. गुढीपाडव्याला सुरू होणारा शालिवाहन शकही परंपरेने पैठणच्या शालिवाहन राजाशी जोडतात. मातीचे सैनिक करून त्यांत जीव घालणारा तो गोष्टीतला राजा! इंग्रजी वर्षातून ७८ वजा करा की शक मिळतो. जानेवारी ते पाडव्यापर्यंत मात्र ७९ वजा करायचे.

दीड हजार वर्षांनी, सोळाव्या शतकात, याच गावात संत एकनाथ झाले. ज्ञानेश्वरीच्या हाताने लिहिलेल्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या उतरवताना त्यांत चुका शिरल्या होत्या. एकनाथांनी वेगवेगळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि १५८४ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. एकेक शब्द तपासायचं हे काम चिकाटीचं आणि शास्त्रीय. एवढा विद्वान माणूस, पण भारुडं लिहिताना वासुदेव, जोशी, गारुडी अशा रस्त्यावरच्या माणसांच्या तोंडी बोलला, म्हणून ती सगळ्यांना कळली. फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, पैठणला दिंड्या येतात. नाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. देवाने श्रीखंड्या बनून त्यात पाणी भरलं, अशी कथा आहे. तुकाराम बीजेपासून भाविक त्यात गोदावरीचं पाणी ओतू लागतात.

पैठणी तुम्ही पाहिली असेल, निदान लग्नात कुणाच्या तरी अंगावर. आता पुढच्या वेळी पदर उलटा करून बघा, अर्थात आधी विचारून! साध्या नक्षीदार कापडाच्या मागे सुटे धागे लोंबत असतात. हातमागावरच्या खऱ्या पैठणीच्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच जवळपास स्वच्छ असते. कारण पदरातला मोर आधी कापड विणून मग वर भरलेला नसतो. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. विणकर आडवा धागा मोराच्या हिरव्या भागापुरता नेतो, तिथे शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि परत फिरवतो. पुन्हा पुढची ओळ. असं कित्येक कांड्यांशी खेळत एका दिवसात पदर बोटभरच पुढे सरकतो. एक भरजरी पैठणी व्हायला काही महिने लागू शकतात. आणि जर? चांदीच्या बारीक तारेवर सोन्याचा मुलामा देऊन ती करत. सोनं हा अजब धातू आहे. नुसत्या एका ग्रॅम सोन्याची ओढून दोन किलोमीटरहून लांब तार काढता येते. करमाडमध्ये गल्लीच्या तोंडापासून ओढायला सुरुवात केली तर ती गावाबाहेर जाईल. पैठणमध्ये आजही माग चालतात. तिथे जाऊन विणकराच्या मागे शांत उभे राहा आणि फक्त बोटं बघा.

आता दगडांकडे येऊ, कारण ते तुम्हाला पैठणला न जाताही बघता येतात. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत एका अनामिक खलाशी-व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते. त्यात पैठण आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर हे शहर आहे आणि तिथून अकीक जातीचे दगड गाड्यांत भरून मोठ्या प्रमाणात बंदराला येतात, असं तो सांगतो. पैठण ते भडोच आडवाटेने चारशे किलोमीटरच्या वर भरतं. वीस दिवसांनी भागा. दिवसाला वीसेक किलोमीटर. बरोबर बैलगाडीची चाल! दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा हिशेब आपण तपासला आणि तो जुळला. मला याचा फार आनंद होतो. बंदरात जहाजं उभी असत. हे रंगीत पट्ट्यांचे दगड रोमन साम्राज्यात अंगठ्या आणि कोरीव काम करण्यासाठी वापरत.

हे दगड आले कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे तसेच राहिले, दगडात पोकळ्या झाल्या. नंतर लाखो वर्षं जमिनीतलं पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिलं. त्या पाण्यात विरघळलेली सिलिका पोकळीच्या कडेला थराथराने जमत गेली. कधी पांढरा थर, कधी लोहाच्या अंशामुळे तांबूस. असा अकीक तयार झाला. वेरूळची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली तोही याच लाव्हाचा. करमाडच्या शेतातली काळी माती याच दगडाची भुकटी. तिच्यात काळा दगड झिजून मोकळ्या झालेल्या पांढऱ्या, दुधी गारा मिळतात. अकीक कठीण म्हणून तो उरला.

एक गार घ्या. लोखंडी खिळ्याने तिच्यावर ओरखडा काढून बघा. ओरखडा उमटला नाही, उलट खिळ्याचीच करडी रेघ तिच्यावर राहिली, तर ती गारगोटीच्या किंवा अकीकाच्या कुळातली. ओरखडा सहज उमटला तर लिंबाचा थेंब टाका. बारीक फेस आला तर तो कॅल्साइट, चुन्याच्या कुळातला. एवढ्या साध्या दोन चाचण्या भूगर्भशास्त्राचे विद्यार्थीही पहिल्या वर्षी करतात. दगड हातोडीने फोडू मात्र नका, त्याच्या कपच्या डोळ्यांत उडतात.

आणि अकीकावर माणसाची नजर सातवाहनांच्याही फार आधी गेली होती. पैठणच्या समोर, नदीच्या दुसऱ्या काठाला मुंगी नावाचं गाव आहे. लोक जोडीने 'मुंगी-पैठण' म्हणतात. १८६०च्या दशकात भूगर्भशास्त्रज्ञ वाइन यांना तिथे गोदावरीच्या जुन्या गाळात एक अकीकाची कपची सापडली. गाळाच्या त्या थरात आता नाहीशा झालेल्या प्राण्यांची हाडंही होती. कपची निसर्गाने तुटलेली नव्हती, माणसाने धारदार करण्यासाठी काढलेली होती. अश्मयुगातला माणूस याच काठावर बसून दगड घडवत होता, याचा तो पुरावा. भारतात असे पुरावे मिळायला तेव्हा नुकती कुठे सुरुवात झाली होती.

पैठणला पुराणवस्तूंचं संग्रहालय आहे. मोठ्या मूर्तींसमोर सगळेच थांबतात. तुम्ही जुने मणी कुठे मांडलेत ते शोधा. मण्याचं भोक काचेतून तिरकं, आरपार बघायचा प्रयत्न करा. अकीक लोखंडापेक्षा कठीण. मग त्यात इतकं बारीक, सरळ भोक पाडलं कसं? जुन्या कारागिरांनी उत्तर शोधलं होतं. अकीकाहून कठीण फक्त थोडे दगड आहेत आणि त्यांत सगळ्यात वरचा हिरा. सामत्याच्या, म्हणजे भोकं पाडायच्या हत्याराच्या टोकाला हिऱ्याच्या बारीक कण्या बसवायच्या, दोरीने तो गरागरा फिरवायचा आणि मण्याला एका बाजूने निम्म्यापर्यंत आणि मग दुसऱ्या बाजूने निम्म्यापर्यंत भोक पाडायचं. एकाच बाजूने पाडलं तर शेवटी मणी फुटायची भीती. दोन्ही भोकं मध्ये नेमकी भेटली असतील तर कारागीर तरबेज होता. काही मण्यांत ती थोडी चुकलेली असतात, मध्ये एक छोटी पायरी दिसते. असा एखादा मणी सापडला तर वहीत त्याचं चित्र काढा आणि बाजूला लिहा, पायरी कोणत्या बाजूला झुकली आहे.